मचाणावर बसण्याआधी: दाजीपूरच्या रानात सांबराचा माग

बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राणी मोजायला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायला मिळावं म्हणून बरेच जण धडपडतात. आणि बसल्यावर रात्रभर पाण्याकडंच बघत राहतात. माझं मत असं, की पाणी बघायचंच नाही. पाण्याकडं येणाऱ्या वाटा बघायच्या, आणि त्या दिवसाउजेडी, आधीच पाहून ठेवायच्या. म्हणून चैत्रातच दाजीपूर गाठलं.

हे कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली अभयारण्य झालं, १९८५ साली वाढून राधानगरी अभयारण्य या नावानं ३५१ चौरस किलोमीटरचं. जुने शिकारी बंदूक उचलण्याआधी जे बघत, तेच आपण बघायचं. फक्त बंदूक नाही. अभयारण्यात शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आहे, त्यामुळं हौस डोळ्यांनीच भागवावी.

कोल्हापुरातून हळदी, भोगावती, राधानगरी करत दाजीपूर साधारण ८० किलोमीटर. पेट्रोल राधानगरीतच भरा, पुढं भरवसा नाही. प्रवेशद्वारावर नोंद करून स्थानिक वाटाड्या घ्या. आमच्याबरोबरचे मामा शेजारच्या वाडीतले, बोलायला कमी आणि बघायला तिखट.

पाणवठ्याच्या अलीकडं ओलसर मातीत पहिला माग लागला. गव्याचा खूर तळहाताएवढा आणि गोलसर. सांबराचा लांबट, पुढं निमुळता, चार बोटांत बसणारा. भेकराचा जेमतेम दोन बोटांचा. गोंधळ होतो तो रानडुकराशी. डुकराच्या खुरामागं दोन नख्या बाजूला फाकून उमटतात, भेकराच्या सहसा उमटत नाहीत. माग ताजा असेल तर कडा धारदार दिसतात. वाळलेला पाचोळा आत पडलाय, मुंगीनं माती उकरलीय, म्हणजे शिळा. लेंड्यांचंही तसंच: ओल्या, चकचकीत म्हणजे रात्रीच्याच. एखाद्या खोडाची साल शिंगांनी घासलेली दिसली की लोक हरखतात. पण उन्हाळ्यात बहुतेक नरांची शिंगं गळलेली किंवा नवी, मऊ सालीची असतात. ती खूण गेल्या हिवाळ्याची. त्यावर भरवसा ठेवून बसू नका.

त्यापेक्षा आवळ्या-हिरड्याखालची जमीन बघा. फळं पडलेली आणि भोवती खूर, म्हणजे तिथं सांबर-भेकरांची रोजची पंगत. तिथून पाण्याकडं जाणारी चेपलेली पायवाट हीच खरी जागा. आम्हाला अशी वाट उतारावरून कारवीच्या झुडपांत शिरताना दिसली, पाण्यापासून बरीच वर.

आता वारा. इथंच सगळा खेळ आहे. दिवसा ऊन तापलं की हवा उतारावरून वर चढते. सूर्य कलला की गार होऊन खाली वाहायला लागते. त्यात दुपारी कोकणातून घाटमाथ्यावर चढणारा वारा वेगळाच. सांबर संध्याकाळी वरून उतरतं, म्हणून आपण त्याच्या खालच्या अंगाला असलं तर आपला वास त्याच्यापर्यंत पोचत नाही. मामांनी चिमूटभर वाळकी माती हवेत सोडून दाखवली आणि म्हणाले, "पावणं, वारं ज्या बाजूला जातंय, तिकडनं जनावर येनार असलं तर उठून घरी जावा." मचाण आपल्या मर्जीनं मिळत नाही, ते वनखातं देतं. पण हवा कुठून वाहते हे माहीत असलं की कुठल्या कोपऱ्याकडं कान लावायचा ते कळतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं, किंवा सांबरानं ठणकावून "पोंक" केलं, तर नजर पाण्यावरून काढून आवाजाच्या दिशेनं वळवा. बिबट्या किंवा कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, चाहूल असू शकते.

सोबत भाकरी-चटणी न्या. तांबडा रस्सा परत आल्यावर. त्याच्या वासानं सांबर काय, गवाही पळेल. अत्तर, पावडर नको, पांढरा शर्ट नको. गोचिडांसाठी पँट मोज्यात खोचा. एकटा गवा दिसला तर कळपापेक्षा जास्त अंतर ठेवा. वाटेतून बाजूला व्हायचं आपण, त्यानं नाही. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, म्हणून चौकशी करूनच निघा.

परतताना राधानगरीच्या रस्त्यावर अंधारात गवे आडवे येतात. हेडलाइट डिम करा, हॉर्न वाजवू नका, थांबा. कळप ओलांडून गेला तरी लगेच गाडी काढू नका, मागून वासरू येत असतं.