क्लिनिकल ट्रायल शोधताना: एका कोलायटिसवाल्याचा अनुभव

मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा, रक्त पडणं आणि दिवसभर शौचाला धावणं, अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे थोडक्यात हे. मला हा आजार होऊन बरीच वर्षं झाली. मेसालामाइनच्या गोळ्या चालल्या तोवर चालल्या. मग स्टेरॉइडशिवाय भागेना. ॲझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी घसरल्या. इन्फ्लिक्सिमॅबने सुरुवातीला छान साथ दिली, पुढे त्याचाही असर ओसरला. टोफासिटिनिब आता जेनेरिक मिळतं, म्हणजे परवडलं असतं. पण माझ्या पायात पूर्वी रक्ताची गुठळी होऊन गेली आहे आणि त्या औषधाने नेमका तोच धोका वाढतो, म्हणून डॉक्टर ते द्यायला तयार नव्हते. राहिलं मोठं आतडं काढण्याचं ऑपरेशन. त्याला मी तयार नव्हतो. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पुण्यात कुठे ट्रायल सुरू आहे का बघा. सगळ्या मला ठाऊक असतातच असं नाही."

भारतात जी काही क्लिनिकल ट्रायल, म्हणजे उपचारांची माणसांवरची चाचणी, होते तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, दिल्लीतली एक संस्था ती चालवते. २००७ च्या जुलैत ती सुरू झाली, १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद झालेली असावी लागते. कुणालाही फुकट बघता येते, लॉगिनसुद्धा लागत नाही. मजकूर मात्र इंग्रजी, आणि वेबसाइटचा चेहरामोहरा रेल्वेच्या जुन्या आरक्षण अर्जासारखा. घाबरून जाऊ नका, आतला माल चांगला आहे.

आजाराचं नाव टाकलं की लांबलचक यादी येते. तिच्यात औषध कंपन्यांच्या मोठ्या चाचण्या असतात, एमडीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात, आयुर्वेदातल्या पिच्छा बस्तीवरचे, म्हणजे औषधी एनिमावरचे, अभ्यासही असतात. काही अभ्यासांत तर औषध नसतंच, फक्त प्रश्नावली भरून घेतात. त्यामुळे शीर्षक वाचून हुरळण्यात अर्थ नाही. मी आधी भारतातल्या भरतीची स्थिती बघायचो. 'ओपन टू रिक्रूटमेंट' नसेल तर पुढचं वाचायचंच नाही. मग नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख. ती जुनी असेल तर 'ओपन' या शब्दावर फार विसंबू नये, कारण भरती संपली तरी पान सुधारायचं राहून जातं. मग केंद्रांची यादी. भारतातून किती पेशंट घेणार तो आकडा वेगळा दिलेला असतो. तो लहान आणि केंद्रं भरपूर असतील तर एकेका ठिकाणी दोन-चार जागाच असतात हे ओघानेच आलं.

पेशंटचं हित जपलं जातंय ना ते बघणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी प्रत्येक केंद्रासाठी वेगवेगळी दिसते. पुण्यातल्या एका रुग्णालयासमोर 'मंजूर' आणि दुसऱ्यासमोर 'सादर केले' असं असू शकतं. म्हणजे दुसरीकडे अजून पेशंट घेत नाहीत. महानियंत्रकांच्या परवानगीचा रकानाही बघावा. नव्या औषधाची चाचणी असेल तर तिथे 'मंजूर' हवंच.

प्रत्येक नोंदीला एक सीटीआरआय क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा एक फायदा भलत्याच ठिकाणी झाला. नातेवाइकांनी एका स्टेम सेलवाल्या केंद्राचा पत्ता दिला होता. "ट्रायलच आहे, पण पॅकेज एवढं एवढं," असं फोनवर सांगितलं. मी सीटीआरआय नंबर मागितला. समोरून विषय बदलला. चाचणीतल्या औषधाचे पैसे पेशंटकडून मागायला लागले की मी तिथे फोन ठेवतो.

मला जमेल अशी एक चाचणी सापडली. तिसरा टप्पा, इंटरल्युकिन-२३ हा शरीरातला सूज वाढवणारा रेणू अडवणारं इंजेक्शन. पहिल्या टप्प्यात औषध सुरक्षित आहे का, कितपत झेपतं हे थोड्या लोकांवर बघतात. तिसऱ्यापर्यंत आलेल्या औषधाबद्दल निदान काही माहिती जमलेली असते. पानावर चौकशीसाठी जो नंबर होता तो चाचणीचं कामकाज बघणाऱ्या बेंगळुरूच्या कंपनीचा निघाला. त्यांनी नम्रपणे सांगितलं, पेशंटशी आम्ही थेट बोलत नाही, केंद्रावरच्या डॉक्टरांना भेटा. तर तुम्हीही तिथे वेळ घालवू नका. केंद्राच्या नावासमोर मुख्य संशोधक डॉक्टरांचं नाव असतं. त्यांच्या ओपीडीला फोन करून 'स्टडी कोऑर्डिनेटर' मागायचा. पुढचा सगळा व्यवहार त्या कोऑर्डिनेटर मॅडमशीच झाला. जाताना कोलोनोस्कोपीचे रिपोर्ट, आतापर्यंतच्या औषधांची नावं, कधी सुरू, कधी बंद आणि का बंद, एवढं एका कागदावर लिहून नेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सर, हे सगळे पेशंट आणतील तर माझी अर्धी नोकरी वाचेल."

घरी मात्र वातावरण तापलं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, इंदूरच्या चाचण्यांच्या बातम्या वाचलेल्या होत्या. तिथल्या गैरप्रकारांवरून गाजलेला वाद, स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेची २०१२ ची सर्वोच्च न्यायालयातली याचिका, त्यांना सगळं आठवत होतं. "गिनीपिग व्हायचंय का तुला?" अण्णांची शंका रास्त होती. त्या याचिकेतूनच पुढे नियम कडक झाले आणि २०१९ च्या मार्चमध्ये नवे 'न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स' आले. मी त्यातली भरपाईची कलमं त्यांना वाचून दाखवली. चाचणीमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट, आणि भरपाई वेगळी. मृत्यूच्या भरपाईचं सूत्र ८ लाखांच्या पायाभूत रकमेपासून सुरू होतं, त्यात वय आणि आजाराची जोखीम धरतात. हे ऐकून अण्णांची समजूत पटली असं नाही. "म्हणजे मरण्याचा दरही ठरलाय," एवढंच म्हणाले.

आणि मरणाचा तो विषय संमतीपत्रात समोर येतोच. मराठीतलं ते पत्र मी घरी घेऊन आलो. तिथेच सही करा असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हणालं तर करू नये. शेवटच्या पानावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव-पत्ता असे रकाने आहेत. वारस कशाला, तर चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कुणाला द्यायची यासाठी. बायकोने स्वतःचं नाव तिथे वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं. दोन दिवस त्यावर बोलणं झालं नाही. मग तीच म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर, मला विचारायचंय." तिने डॉक्टरांना विचारलेले प्रश्न माझ्यापेक्षा चांगले होते. प्लासिबो (दिसायला तेच, पण औषध नसलेलं इंजेक्शन) मिळाला आणि तब्येत बिघडली तर किती दिवस वाट बघणार? कोण ठरवणार? मध्येच सोडलं तर नेहमीचे उपचार इथेच मिळतील का?

उत्तरं कळली ती अशी: तिघांतल्या दोघांना औषध, एकाला प्लासिबो, कुणाला काय ते संगणक ठरवणार आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. तब्येत अमुक मर्यादेपलीकडे बिघडली तर 'रेस्क्यू' उपचार सुरू करणार, ती मर्यादा लेखी आहे. प्रमाणित उपचार उपलब्ध असताना ते नाकारून प्लासिबो दिला आणि त्यातून इजा झाली, तर तीही भरपाईत धरली जाते. सोडायचं तर कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही. माझ्या डोक्यात त्या दिवशी एक गोष्ट पक्की बसली. हे डॉक्टर मला बरं करू बघत होते, पण चाचणी मात्र एका प्रश्नाचं उत्तर शोधत होती, आणि मी त्या प्रश्नात बसतो का एवढंच तिला बघायचं होतं. हे ध्यानात आलं की पुढच्या नियमांचा राग येत नाही.

नियम भरपूर. इन्फ्लिक्सिमॅब बंद करून ठरावीक आठवडे झालेले हवेत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड २० मिलीग्रॅमच्या आत, तेही काही दिवस न बदललेलं. शौचात सी. डिफिसाइल हा जुलाब करणारा जंतू नको. आजार पुरेसा जोरात असल्याचं दाखवावं लागतं: मेयो स्कोअर. शौचाची संख्या, रक्त, कोलोनोस्कोपीतलं चित्र आणि डॉक्टरांचं मत, प्रत्येकाला ० ते ३ गुण. कोलोनोस्कोपीचा व्हिडिओ बाहेरच्या तज्ज्ञाकडे जातो. त्याला पेशंट कोण हे माहीत नसतं. आमच्या डॉक्टरांना वाटतं तेवढी सूज त्याला दिसली नाही, तर विषय संपला. आजारी आहोत हे सिद्ध करण्यासाठी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, आणि जास्त गुण मिळाले की आनंद होतो. मला झाला.

अडलो वेगळ्याच ठिकाणी. टीबीची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. इग्रा म्हणतात तिला. मला टीबी नव्हता, एक्स-रे स्वच्छ. पण जंतू शरीरात झोपलेले असू शकतात, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने ते जागे होण्याची भीती. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की मॅडमना आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. काही चाचण्यांत एवढ्यावर पेशंट कायमचा बाद होतो. या चाचणीत प्रतिबंधक गोळ्या सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा तपासणीला यायची सोय होती. पण ती सोय आपणहून कुणी सांगितली नाही, 'स्क्रीन फेल', म्हणजे निवडीच्या तपासणीत नापास, हे ऐकल्यावर "पुन्हा येता येतं का?" असं विचारावं लागलं.

कराडहून पुण्याला जाण्याचं काय, हे कोलायटिसवाल्यालाच कळेल. एसटीत शौचालय नसतं. म्हणून कोयना एक्स्प्रेस. तिकिटाचे पैसे चाचणीतून परत मिळतात, पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

प्रतिबंधक गोळ्यांनंतरच्या तपासणीत बसलो आणि इंजेक्शन सुरू झाली. रोज संध्याकाळी मोबाइलवर डायरी: किती वेळा, रक्त किती. बाराव्या आठवड्यापर्यंत फरक पडला, पण डोळ्यांत भरेल असा नाही. मला काय मिळत होतं ते अजूनही माहीत नाही. सगळ्या केंद्रांचं काम संपून आकडे उघडेपर्यंत कळणार नाही. बाराव्या आठवड्यानंतरच्या एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे चाचणीच्या वाढीव भागात, मात्र सगळ्यांना खरं औषध देतात. तिथे रक्त थांबलं, आणि स्टेरॉइड हळूहळू उतरवून बंद झालं.

सही करण्याआधी मी एक प्रश्न लेखी विचारला होता: औषध लागू पडलं आणि चाचणी संपली तर पुढे काय? २०१९ च्या नियमांत चाचणीनंतर औषध फुकट देण्याची तरतूद आहे, पण ती मुख्यतः ज्या आजाराला दुसरा उपचारच नाही त्यासाठी. कोलायटिसला दुसरी औषधं आहेत, मग ती माझ्याबाबत लागू होत नाही. मिळणार ते एक्स्टेन्शनपुरतंच. त्याची शेवटची तारीख कराडच्या डॉक्टरांच्या फाइलवर आत्ताच लिहून ठेवली आहे. औषध तोवर बाजारात आलं तर किंमत काय, नाही आलं तर दुसरं कुठलं, हे बोलणं त्याच्या तीन महिने आधी सुरू करायचं ठरलंय.