तुम्ही विचारलंत म्हणून: कुठली गन घेऊ?

गॅरेजवर आलेला माणूस आधी गाडीचं रडगाणं गातो, मग चहा येतो, आणि कप खाली ठेवायच्या आत हा प्रश्न येतो. ‘अण्णा, बॅटरीची गन घ्यायचीय. बॉश घेऊ, मकिता घेऊ, का डीवॉल्ट?’ गन म्हणजे चाकांचे नट ठोके मारत सोडवणारं-आवळणारं यंत्र, इम्पॅक्ट रेंच. फोनवर विचारणारेही पुष्कळ, आणि फोन नेमका मी गाडीखाली असतानाच येतो. मी उलट विचारतो, ‘तुमच्याकडे ग्राइंडर कुठला आहे?’ समोरच्याला वाटतं, अण्णा टाळतोय. टाळत नाही. पण त्याचं कारण उभ्याउभ्या सांगून होत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

माझं गॅरेज कराडजवळ हायवेला. ट्रक, टिपर, ट्रॅक्टर-ट्रॉली हे मुख्य काम, कार अधूनमधून. गळीत हंगाम सुरू झाला की आमची झोप उडते. ऊस भरलेली ट्रॉली पाणंदीत रुतते, टायर फुटतो, आणि रात्री अकराला मालकाचा फोन येतो की कारखान्यावर नंबर जाईल, लवकर या. तिथे कंप्रेसर नेणार कसा? त्यामुळे बरीच वर्षं आमची ‘गन’ म्हणजे एल पाना, त्यावर चार फुटी पाईप आणि पाईपाच्या टोकावर उभा राहून नाचणारा पोरगा. पाना निसटला की पोरगा चिखलात. बॅटरीची गन मी घेतली ती या पाणंदींसाठी. गॅरेजच्या आत कंप्रेसरच्या हवेवर चालणारी एक इंची गन होतीच (इंच म्हणजे गनच्या चौकोनी टोकाचं माप), आणि तिचं कधी काही अडलं नव्हतं.

आता खोक्यावरच्या आकड्यांबद्दल. न्यूटन मीटर हा शब्द दुकानदारही मंत्रासारखा म्हणतात. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण 60 किलोचा माणूस लटकला की जो पीळ बसतो, तो जवळपास 600 न्यूटन मीटर. मोठ्या ट्रकच्या चाकाचे एम-22 चे, म्हणजे 22 मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे, नट साधारण 550 ते 700 मध्ये आवळलेले असतात. कारच्या चाकाचा नट शंभरच्या आसपास. म्हणजे कारवाल्याला 300 ची छोटी गन पुरून उरते, आणि ट्रकवाल्याला वाटतं 700 ची बास. तिथेच फसतो. दोन पावसाळे खाल्लेला, गंजलेला, मागच्या टायरवाल्याने एक इंची गनने ठोकून ठेवलेला नट 700 ला हलत नाही. ट्रकच्या कामाला आकडा हजाराच्या पुढचाच लागतो.

पण खोक्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात आणि मोठ्या टायपात मोठा छापतात. एक आवळायचा, एक सोडवायचा. बॉशची पाऊण इंची जीडीएस 18व्ही-1050 एच घ्या: आवळायला 1,050, सोडवायला 1,700. डीवॉल्टची डीसीएफ 899: 950 आणि 1,625. त्यांचीच पुढची डीसीएफ 900: 1,396 आणि 1,898. मिलवॉकीच्या एम-18 फ्युएलच्या अर्धा इंची मोठ्या गनवर लिहायचे 1,000 फूट-पौंड आवळायला आणि 1,400 सोडवायला; 1.356 ने गुणलंत की 1,356 आणि 1,898 होतात. मकिताची डीटीडब्ल्यू 1001 पुन्हा 1,050 वर. हे आकडे शेजारी मांडून कोणी मला विचारतो, ‘मग 1,396 वाली 1,050 पेक्षा भारी ना?’ शक्य आहे. पण प्रत्येक कंपनी आपल्या चाचणीच्या बाकावर, आपल्या बोल्टवर, आपल्याला हवे तेवढे सेकंद ठोकून मोजते. दोन तालमींतल्या पैलवानांचं वजन दोन वेगळ्या काट्यांवर करण्यातला प्रकार आहे. एकाच कंपनीच्या दोन गन ताडून बघायला आकडा कामाचा. वेगवेगळ्या कंपन्यांत हजाराच्या पुढे गेलं की मी आकडा बघायचं सोडतो.

बघतो काय, तर बॅटरी.

ही गन आतून कशी चालते ते एकदा डोळ्यांपुढे आणा. मोटर फिरते, तिच्या पुढे स्प्रिंगच्या जोरावर एक जड हातोडी असते आणि हातोडीपुढे ऐरण. नटावर चढवायची गोटी, म्हणजे सॉकेट, बसते ती त्या ऐरणीच्या टोकावर. नट अडला की हातोडी मागे सरकते, सुटते आणि ऐरणीच्या कानावर आडवी आदळते, मिनिटाला दोन हजारांच्या आसपास वेळा. म्हणून तर मनगट न पिरगळता एवढा मोठा पीळ बसतो. पण प्रत्येक ठोक्याला मोटर क्षणभरात प्रचंड करंट ओढते, आणि तो द्यायची ताकद बॅटरीत नसेल तर व्होल्टेज बसतं, ठोका पोचट पडतो. 18 व्होल्टच्या बॅटरीत पाच सेल एकामागे एक असतात. दोन ॲम्पियर-अवरच्या (हे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) छोट्या बॅटरीत तेवढेच पाच. पाच ॲम्पियर-अवरच्या नेहमीच्या बॅटरीत अशा दोन ओळी, म्हणजे दहा. दोन ओळी भार वाटून घेतात. एकच गन छोट्या बॅटरीवर कुंथते आणि मोठ्या बॅटरीवर गरजते, ती याच्यामुळे. ‘अमक्या कंपनीची गन कमजोर आहे’ म्हणत आलेल्या दोघातिघांना मी फक्त माझी मोठी बॅटरी लावून दिली. गप्प झाले.

आणि हो, डीवॉल्टच्या काही खोक्यांवर 20 व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून ती बॉशच्या 18 पेक्षा दोन व्होल्टने मोठी, असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून काही घेऊ नका. तेच पाच सेल. पूर्ण भरलेल्या सेलचे चार व्होल्ट धरले की 20, चालू कामातले 3.6 धरले की 18.

मग ग्राइंडरचा प्रश्न. बॅटरी एका कंपनीची दुसरीला चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण खरेदी करताना विसरतात. दोन मोठ्या बॅटऱ्या आणि चार्जर मिळून पुष्कळदा नुसत्या गनच्या किमतीला टेकतात. तुमच्याकडे आधीच मकिताचा ग्राइंडर आणि ड्रिल असेल तर तुमची सोयरीक जमलेली आहे, आता बॉशचं स्थळ बघून काय उपयोग? नुसती गन घ्या, बॅटरी घरात आहे. त्यातही एकाच घराण्यात दोन शाखा निघतात. मकिताची 18 व्होल्टची एलएक्सटी आणि 40 व्होल्टची एक्सजीटी, दोघींच्या बॅटऱ्या एकमेकींना बसत नाहीत. 40 व्होल्टवाली पाऊण इंची टीडब्ल्यू001जी 1,800 न्यूटन मीटरला आवळते, जेसीबीच्या कामाला ती शोभते. पण ती घेतली की जुन्या बॅटऱ्या पडून राहिल्या असं धरून चला.

घरात काहीच नसेल तर? कोरी पाटी असेल तर मी विचारतो, बिघडली तर कुठे नेणार? आमच्याकडे बॉशवर लोकांचा विश्वास जुना आहे आणि त्याचं मूळ गनमध्ये नाही, डिझेल पंपात आहे. मायकोचा पंप, मायकोचा नोझल म्हणत आमची पिढी मोठी झाली. नाशिकच्या कारखान्याचं नाव प्रत्येक डिझेल मिस्त्रीला पाठ. ती मायको म्हणजेच आजची बॉश लिमिटेड, 2008 साली नाव बदललं. नोझल चांगला म्हणून गन चांगली हा काही हिशेब नाही, बनवणारे हात वेगळे, पण त्या नावामुळे तालुक्याच्या गावातही बॉशचा माल ठेवणारा दुकानदार सापडतो आणि स्विच वगैरे किरकोळ गोष्टींना पुण्याला पळावं लागत नाही. तुमच्या गावात डीवॉल्टचा माणूस जवळ असेल तर हाच मुद्दा डीवॉल्टच्या बाजूने. मी स्वतः आधी मिस्त्री शोधतो, मग कंपनीचा रंग: बॉशचा निळा, डीवॉल्टचा पिवळा की मकिताचा हिरवट.

लाल रंगाचं, म्हणजे मिलवॉकीचं, वेड अलीकडे फार आहे. यूट्यूबवर अमेरिकन मेकॅनिक मिलवॉकीने टिपरचे नट लोण्यासारखे काढताना दिसतात आणि इकडे पोरांचा जीव खालीवर होतो. गन उत्तमच आहे, त्यात वाद नाही. त्यांच्या एक इंची गनचा सोडवायचा आकडा अडीच हजारांच्या वर जातो. पण ‘भाचा अमेरिकेहून येतोय, आणायला सांगू का?’ असं विचारणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी समजून घ्या. तिकडचा चार्जर बहुतेक वेळा 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टच्या भिंतीत घातला की एक बारीकसा आवाज येतो आणि वास येतो, बस्स. दुसरं, सुटी लिथियम बॅटरी विमानात सामानात टाकता येत नाही, हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, आणि तिथेही 100 वॉट-अवरपर्यंतच सरसकट चालते. 18 व्होल्ट गुणिले 5 ॲम्पियर-अवर म्हणजे 90 वॉट-अवर, ती येईल. 8 ची 144 भरते, तिला विमान कंपनीची परवानगी लागते. 12 ची 216, ती तिकडेच राहणार. म्हणजे भाचा गन आणेल आणि तिला सगळ्यात जास्त जोर देणारी बॅटरी विमानतळावर सोडून येईल.

रस्त्याकडेच्या दुकानात मिळणाऱ्या बिननावाच्या गनबद्दल तर रोज विचारतात. त्यांच्या बॅटरीवर ‘388 व्हीएफ’ वगैरे लिहिलेलं असतं. 388 हा व्होल्टही नाही आणि आणखीही काही नाही, नुसता रुबाब आहे. आत तेच पाच-पाच सेल, आणि खाच मकिताच्या नमुन्याची. पंक्चरवाल्याने मोटारसायकल-कारपुरती घेतली तर मी नावं ठेवणार नाही, पैसे वसूल होतात. मीही एक घेतली होती. पहिल्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट काढता काढता स्विचमधून धूर निघाला, तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि पुन्हा पाईपावर नाचायची वेळ पोराची नव्हे, माझी होती.

गनपेक्षा गोटीवर खर्च करा, हे मी आग्रहाने सांगतो. चकचकीत क्रोमची गोटी हाताच्या पान्यासाठी असते. ती कडक असते, ठोक्याखाली तडकते आणि तुकडा उडतो कुठे ते सांगता येत नाही. गनला काळी, जाड भिंतीची इम्पॅक्ट गोटीच हवी. तसंच पाऊण इंची गनला अडॅप्टर लावून अर्धा इंची गोटी, त्यात मध्ये एक लांब एक्स्टेन्शन, अशी माळ लावून ‘जोर नाही’ म्हणू नका. प्रत्येक सांध्यातली ढिलाई थोडा थोडा ठोका खाते, आणि लांब दांडी स्वतःच पिळवटून उरलेला. नटापर्यंत पोचतो तो प्रसाद. मोठी खोल गोटी थेट गनवर बसली तर तीच गन दुसरीच वाटते.

आवळण्याबद्दल लिहायला थोडी लाज वाटते, पण लिहितो. गन नवी होती तेव्हा हात शिवशिवायचे. एका शिक्षकांच्या कारचं चाक बदललं आणि नट गनने ‘टकटकटक’ करून आवळले, मोठ्या गनने, मोठ्या बॅटरीवर. पंधरा दिवसांनी ते खंबाटकी घाटाच्या अलीकडे पंक्चर होऊन उभे. गाडीतल्या पान्याने एकही नट हलेना. मला फोन केला, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, ‘अण्णा, हे नट तुम्हीच लावलेत ना? मग काढायलाही तुम्हीच या.’ गेलो. शंभरच्या नटाला हजाराची गन लावली होती मी. एक स्टड काढताना तुटलाच, तो पदरचा. तेव्हापासून माझ्याकडे गन नट खाली बसवते आणि थांबते. पुढचं काम टॉर्क पान्याचं, म्हणजे ठरवलेल्या आकड्यापर्यंतच आवळणाऱ्या हाताच्या पान्याचं. ट्रकवाल्यांना शंभर किलोमीटरच्या आत एकदा परत येऊन नट तपासून घ्या म्हणतो. दहातले चार येतात.

वजनाकडे कोणी लक्ष देत नाही. मकिताची 1001 बॅटरीसकट पावणेचार किलोच्या आसपास जाते. दुकानात उचलून बघताना ते काही वाटत नाही. गाडीखाली उताणं पडून, हात वर करून कमान पाट्याचे यू-बोल्ट सोडवताना दहाव्या मिनिटाला वाटतं. आणि हादरे. युरोपात कामगाराच्या हाताला आठ तासांच्या सरासरीने बसणाऱ्या हादऱ्यांवर 5 मीटर प्रति सेकंद वर्ग अशी कायद्याची मर्यादा आहे, आणि या गनच्या माहितीपुस्तकातला आकडा त्याच्या पुष्कळ वर असतो. म्हणजे सलग दिवसभर धरायची ही चीजच नाही. माझ्या जुन्या फिटरची बोटं थंडीत पांढरी पडतात, त्याने तीस वर्षं हवेची गन धरली. कानाचं तर विचारू नका, पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो. माझ्याकडे इअर मफ खुंटीला टांगलेले आहेत. पोरं घालत नाहीत, मी ओरडतो, मग घालतात, मग माझी हाक त्यांना ऐकू येत नाही.

माझ्याकडे स्वतःला काय आहे, हेही विचारतात. पाणंदीसाठी 18 व्होल्टची पाऊण इंची, दोन मोठ्या बॅटऱ्या. कारसाठी त्याच बॅटरीवर चालणारी अर्धा इंची छोटी. रंग सांगत नाही; सांगितला की बाकी सगळं वाचायचं सोडून तुम्ही दुकानात जाल.

आणि परवा उंब्रजच्या एका टायरवाल्याने विचारलं, ‘बॅटरीची गन घेतली की कंप्रेसर विकून टाकू का?’ मी म्हटलं, विक की. पण मग टायरात हवा काय तोंडाने फुंकून भरणार आहेस?