एआरएम लॅपटॉपवर अडखळणारा व्हिडिओ सुरळीत कसा केला: माझा अनुभव

विंडोज ११ असलेल्या एआरएम लॅपटॉपवर (म्हणजे ज्याचा प्रोसेसर इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, एआरएम जातीचा आहे) ४के व्हिडिओ लावला की चित्र अडखळायचं. प्लेअरच्या सेटिंगला हात लावण्याआधी मी टास्क मॅनेजर उघडला. 'डिटेल्स' टॅबमध्ये रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक केलं आणि 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'आर्किटेक्चर' हा रकाना लावला. प्लेअरच्या ओळीत 'एक्स६४' दिसलं. म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरसाठी बनवलेला प्लेअर विंडोज इम्युलेशनने, म्हणजे त्याच्या सूचनांचं एआरएमसाठी भाषांतर करत, चालवत होतं.

साध्या प्रोग्रॅममध्ये हे सहसा जाणवत नाही, व्हिडिओत जाणवतं. डीकोडरचा (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रॅमचा) सर्वांत राबणारा भाग असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, हाताने लिहिलेला असतो, इंटेलसाठी एसएसई आणि एव्हीएक्स२ हे वेगवान सूचनांचे संच वापरून, एआरएमसाठी निऑन हा संच वापरून. एव्ही१ या प्रकारचा व्हिडिओ उलगडणाऱ्या 'डेव्हिड' या डीकोडरमध्ये निऑनचा उत्तम कोड तयार आहे, पण एक्स६४ प्लेअर बसवला तर तो कामालाच येत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती हीच.

मी एमपीव्ही या प्लेअरची विंडोजसाठीची 'एएआर्च६४' (एआरएम६४चंच दुसरं नाव) बिल्ड, म्हणजे तयार आवृत्ती, घेतली. इतर प्लेअरच्या फाइलनावात 'एआरएम६४' शोधा. जुना प्लेअर काढून टाका आणि 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये नवा लावा, नाहीतर डबल क्लिकवर भलताच प्लेअर उघडेल. जुन्या प्लेअरला जोडलेले डीएलएल (प्रोग्रॅमला जोडायच्या कोडच्या फाइली) स्वरूपातले प्लगइन आणि फिल्टर मात्र इथे चालत नाहीत. एआरएम६४ प्रोसेसमध्ये एक्स६४ डीएलएल लोडच होत नाही. लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट म्हणजे नुसता मजकूर, त्या बहुतेक जशाच्या तशा चालतात.

दुसरी गोष्ट हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचं काम मुख्य प्रोसेसरऐवजी त्यासाठीच्या खास भागाकडे देणं. एमपीव्हीत ते आपोआप सुरू नसतं. रन बॉक्समध्ये (विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून उघडतो) ॲपडेटाचा पत्ता (%APPDATA%) देऊन 'एमपीव्ही' फोल्डर उघडा (नसेल तर बनवा) आणि त्यात 'एमपीव्ही.कॉन्फ' ही फाइल करा. नोटपॅड गुपचूप शेवटी '.टीएक्सटी' जोडतं आणि मग प्लेअर ती फाइल वाचतच नाही, तेवढं बघा. आत एकच ओळ, रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत: 'एचडब्ल्यूडेक=ऑटो-सेफ' (hwdec=auto-safe).

ओळ लिहिली म्हणजे काम झालं असं धरू नका. व्हिडिओ चालू असताना कॅपिटल 'आय' दाबा. पडद्यावर आकडे येतात. तिथे 'डी३डी११व्हीए' (विंडोजमधली हार्डवेअर डीकोडिंगची सोय) दिसलं तर हार्डवेअर खरंच कामाला लागलंय. 'ऑटो-सेफ' जमलं नाही तर काही न बोलता सॉफ्टवेअर डीकोडिंगवर येतं, म्हणून ही तपासणी हवीच. १० बिटच्या (रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या) एच.२६४ प्रकारच्या फाइली बहुतेक हार्डवेअरला उलगडता येत नाहीत. त्या प्रोसेसरवरच चालणार, आणि तिथे एआरएम६४ बिल्डचा फायदा सर्वांत जास्त होतो.

त्याच आकड्यांत गळालेल्या फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) दोन प्रकारे मोजलेल्या असतात. 'डीकोडर'चा आकडा वाढत असेल तर उलगडणं कमी पडतंय. 'आउटपुट'चा वाढत असेल तर बहुतेक वेळा पडद्यावर चित्र काढणं जड जातंय. तेव्हा हार्डवेअर डीकोडिंगमागे वेळ घालवण्यात अर्थ नाही. 'एमपीव्ही.कॉन्फ'मध्ये 'प्रोफाइल=फास्ट' ही ओळ घाला, चित्र मोठं-लहान करण्याच्या महागड्या पद्धती बंद होतात. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर पॉवर मोडही एकदा पाहा.

दोन्ही आकडे शून्य आणि तरी कॅमेरा आडवा सरकताना चित्र हिसके देतंय? मग दोष वेगाचा नाही. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणाऱ्या) पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट बसवताना एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते. पडदा १२० हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये तो वेग निवडा, प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा येते. बऱ्याच फाइली २३.९७६ फ्रेमच्या असतात. त्यांच्यासाठी 'व्हिडिओ-सिंक=डिस्प्ले-रिसॅम्पल' लावा. प्लेअर चित्राचा वेग पडद्याशी जुळवतो आणि आवाज कानाला कळणार नाही इतका ताणतो.