घोड्याला नुसता हात लावून काय होतं?

"तासभर घोड्याला नुसता हात लावून उभ्या राहता, त्याने नक्की होतं काय?" घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांचे आईवडील हे विचारतात, पागेतले सईस विचारतात, जनावरांचे डॉक्टर असलेले मित्रही विचारतात. बोलता बोलता दुसरा प्रश्नही निघतो: यात काही तथ्य आहे, की मनाचं समाधान? तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

मी शिकले माणसांची फिजिओथेरपी. घोड्यांकडे नंतर वळले. आता पुण्याच्या आसपासच्या रायडिंग क्लबांत घोडे आणि त्यांचे स्वार, दोघांवर क्रेनिओसॅक्रल पद्धतीने काम करते. या पद्धतीत कवटीपासून पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीपर्यंत अगदी हलका स्पर्श करत जायचं असतं. शिकवताना दाबाचं माप ५ ग्रॅम सांगतात, म्हणजे तळहातावर एखादं नाणं ठेवल्यावर जाणवतं तेवढंच. चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाडं कडाकड मोडायची तर नाहीतच.

मी जाते ती संध्याकाळी, चंदी खाऊन झाल्यावर. घोडा बांधलेला चालत नाही. मोहरकी, म्हणजे तोंडात काही न घालता डोक्यावर चढवायचा साज, असते, तिचा दोर सईसच्या हातात सैल असतो, आणि घोड्याला एक पाऊल मागे किंवा बाजूला सरकायला जागा असते. ही अट मी कधीच सोडत नाही. अगाडी-पिछाडी घालून जखडलेला घोडा हात सहन करतो, पण सहन करणाऱ्या जनावराकडून मला काहीच कळत नाही.

सुरुवात डोक्यापासून होत नाही. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्याच्या जरा पुढे मी पहिल्यांदा हात ठेवते. दोन घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते याच जागी. १९९३ साली फ्रान्समध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की याच जागी खाजवलं की शिंगरांचे आणि मोठ्या घोड्यांचे हृदयाचे ठोके मंदावतात, आणि तोच हात दुसरीकडे फिरवला तर तसं होत नाही. म्हणजे घोड्याच्या अंगावर ओळख करून घेण्याची एक जागा आधीपासूनच आहे. तिथून पाठीवरून पुठ्ठ्याकडे, त्रिकास्थीवर. मग परत पुढे, मानेला. दोन कानांच्या मागची जागा आणि जबडा सगळ्यात शेवटी, कारण त्या भागाला घोडा सगळ्यात जास्त जपतो.

हात ठेवला की बघत राहायचं. विश्रांतीत असलेला घोडा मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो, त्यामुळे कुशीवर डोळा ठेवला तरी पुष्कळ समजतं. पापण्या जड होतात, खालचा ओठ सुटतो, मान उतरते, नाकातून लांब फुरफुर येते, कधी एकापाठोपाठ जांभया येतात. जीभ चाटणं आणि चघळल्यासारखं तोंड हलवणं यालाच बरेच जण 'घोडा खूश झाला' म्हणतात. मी तेवढ्यावर थांबत नाही. ताण उतरणीला लागतो त्या क्षणी घोडा असं करतो, म्हणजे त्याआधी ताण होता हेही त्यात आलंच. तो कुठे होता, हे मला शोधायचं असतं. घोड्याने तोंड फिरवलं, कान मागे घेतले, पोटाखालची कातडी थरथरवली, की मी हात काढते. दरवेळी काढते. थोड्या वेळाने पुन्हा विचारते, म्हणजे पुन्हा हात ठेवते. बहुतेक घोडे नंतर स्वतःच सरकून ती जागा हाताखाली आणतात, आणि या कामात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

आता 'खरं का' याचं उत्तर. ही पद्धत अमेरिकेतून आली. विल्यम गार्नर सदरलँड हे ऑस्टिओपथी, म्हणजे हाडं-सांध्यांवर हाताने उपचार करण्याची पद्धत, शिकत असताना सुट्या केलेल्या कवटीची हाडं बघत होते. कानाजवळच्या हाडाची तासलेली कड त्यांना माशाच्या कल्ल्यासारखी दिसली आणि वाटलं, ही रचना श्वासासारख्या हालचालीसाठीच असणार. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३९ साली निघालं. पुढे १९७०च्या दशकात जॉन अपलेजर यांनी हा धागा उचलला. मानेच्या एका शस्त्रक्रियेत मदत करताना मज्जारज्जूभोवतीचं आवरण त्यांना लयीत हलताना दिसलं होतं. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची एक संथ लय असते, ती कवटीच्या हाडांतून हाताला जाणवते, आणि हलक्या हाताने ती मोकळी करता येते, असा या पद्धतीचा सिद्धांत आहे.

हा सिद्धांत मी शिकले, पण आज तो कोणाला सांगत नाही. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन जाणकारांनी आलटून पालटून हात ठेवून लय मोजली, तर त्यांचे आकडे जुळत नाहीत. हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. घोड्याच्या बाबतीत तर कातडीखाली जबड्याचे जाड स्नायू, मग हाड, हाडात हवेच्या पोकळ्या, आणि वयाबरोबर घट्ट होत गेलेले कवटीचे सांधे. ५ ग्रॅमच्या दाबाने मी ती हाडं हलवते असं म्हणणं मला पटत नाही. माणसांवर चांगले प्रयोग झाले आहेत. जर्मनीत मानदुखीच्या ५४ रुग्णांवर झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात नुसत्या वरवरच्या स्पर्शाच्या तुलनेत या उपचाराने दुखणं जास्त कमी झालं. पण पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. काहींना फायदा दिसला, काहींना काहीच दिसला नाही. घोड्यांसाठीचा पुरावा याहूनही तोकडा आहे. 'या पद्धतीने घोड्याचा अमुक आजार बरा होतो' असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नका.

मग मी हे का करते? घोडा उत्तर देऊ शकेल इतका हळू हात त्याच्या आयुष्यात एरवी फारसा येतच नाही. दिवसभर त्याला लागणारा प्रत्येक हात काहीतरी करून घ्यायला आलेला असतो: खरारा करायचा, खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळायचा, पाय उचलायचा, इंजेक्शन द्यायचं. त्या घाईत घोडा 'इथे दुखतंय' असं सांगतो ते आपण 'खोडकर आहे' या खात्यात टाकतो.

जबड्याचंच बघा. घोड्याच्या जिभेच्या मुळाशी एक नाजूक हाड असतं. त्याच्यापासून निघणारे लांब पट्टीसारखे स्नायू गळ्यातून खाली छातीच्या हाडापर्यंत आणि खांद्याच्या बाजूला जातात. तोंडातल्या बिटपासून, म्हणजे लगामाच्या धातूच्या दांडीपासून, जीभ वाचवायला घोडा ती आखडून धरतो, आणि ती आखडलेली जीभ पुढच्या पायाच्या चालीपर्यंत पोचू शकते. कानांच्या मागून निघणारा जाड स्नायुबंध मानेच्या वरच्या कडेने येतो आणि पुढे पाठीच्या कण्यावरून थेट त्रिकास्थीपर्यंत जातो. मानेची ठेवण बदलली की पाठ बदलते, ती त्यामुळे. याला कुठलाही गूढ प्रवाह लागत नाही, शरीररचनेच्या पुस्तकात ते आहे.

आमच्या इथल्या एका वयस्क घोडीची 'लगाम घालू देत नाही' अशी ख्याती होती. मोहरकी निमूट घालून घ्यायची, लगाम दिसला की डोकं छताला. तिची पाठ, मान सगळं हाताखाली सैल व्हायचं, पण डाव्या जबड्याच्या मागे हात गेला की ती दरवेळी निघून जायची. उजवीकडे अजिबात नाही. डॉक्टरांना मी तेवढंच सांगितलं. त्यांनी तोंड उघडून पाहिलं तर डावीकडच्या वरच्या दाढांना धारदार कडा आल्या होत्या आणि गालाला आतून जखम होती. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, झिजही एकसारखी होत नाही, म्हणून अशा कडा येतात आणि त्या कानशीने घासाव्या लागतात. दात घासले, जखम भरली, काही आठवड्यांनी ती लगाम घेऊ लागली. तिला बरं केलं डॉक्टरांनी. जागा तिने स्वतः दाखवली होती.

म्हणून रोगनिदान मी करत नाही. भारतात १९८४च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार ते नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे, आणि ते तसंच असायला हवं. पोटशूळ, लंगडणं, ताप, सूज, ताजी जखम यांपैकी काहीही असेल तर मी घोड्याला हात लावत नाही, फोन लावते. २०१४ साली घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याचं एक मोजमाप प्रसिद्ध झालं: ताठ मागे वळलेले कान, डोळ्यावरचा ताण, आवळलेला जबडा, घट्ट ओठ, ताणलेल्या नाकपुड्या. पुढे स्यू डायसन या ब्रिटिश पशुवैद्यकांनी पाठीवर स्वार असताना दिसणाऱ्या २४ वागणुकींची यादी केली. त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला कुठेतरी दुखत असण्याची शक्यता बळावते. या दोन्ही गोष्टी प्रत्येक रायडिंग क्लबच्या भिंतीवर मराठीत लावलेल्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

स्वारांवर का काम करता, हाही प्रश्न असतोच. घोड्याच्या मानेत ७ मणके असतात आणि आपल्याही मानेत ७च. त्रिकास्थी दोघांचीही बहुधा ५ मणके जुळून झालेली. खोगिराच्या वर एक त्रिकास्थी असते आणि थोडी मागे दुसरी, आणि वरची वाकडी बसली तर खालचा घोडा तिच्या वजनाखाली स्वतःला वाकडं करून चालतो. दिवसभर लॅपटॉपपुढे बसून, मग दुचाकीवरून पुण्याची वाहतूक कापत आलेला माणूस थेट घोड्यावर चढतो. खांदे कानाला लागलेले, दात आवळलेले, आणि दुडक्या चालीत श्वास चक्क बंद. घोडा त्या बंद श्वासाने पुढे बघायचं सोडून धोका शोधायला लागतो. अशा स्वाराला मी आधी चटईवर झोपवते. एक हात त्रिकास्थीखाली, मग बरगड्यांच्या खालच्या कडेला, मग डोक्याच्या मागच्या बाजूला, तोच हलका हात. बहुतेकांना दहा मिनिटांत कळतं की आपण एकाच नितंबावर भार देऊन बसतो. त्यानंतर रिकिबी (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कड्या) तपासल्या तर एक बाजू जास्त ताणलेली निघते. माणसांना माझ्याकडून जास्तीत जास्त मिळतं ते हेच, आणि घोड्याचा फायदा यातच जास्त आहे.

माथेरानच्या घोड्यांसाठी हे का करत नाही, असं कोणी विचारलं की मला वाईट वाटतं, कारण त्यांची गरज वेगळी आहे. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून माणसं वाहून नेण्याचं काम घोड्यांवर येतं, आणि त्यावर घोडेवाल्यांची घरं चालतात. त्या जनावरांना आधी हवी ती विसावा घ्यायला सावली, पाणी, बसणारं खोगीर, वेळेवर नाल आणि पाय न घसरणारी वाट. स्वाराचं वजन खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावं हा सर्वसाधारण नियम आहे. ३०० किलोच्या तट्टूसाठी ते ६० किलो होतात. तिथे गेलात तर स्वतःचं वजन घोडेवाल्याला खरं सांगा आणि त्यानुसार मोठा घोडा मागा. चढणीवर उतरून चाललात तर फारच चांगलं. थकलेल्या पाठीवर मी हात ठेवून उभी राहिले आणि दुसऱ्या दिवशी तीच पाठ ९० किलोखाली गेली, तर माझ्या हाताचा उपयोग शून्य.

तुमच्याकडे घोडा असेल आणि मला बोलवायचं असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, दात बघून घ्या. नालबंद नियमित येतो ना ते पाहा. खोगिराखालचे केस कुठे घासले आहेत, कुठे पांढरे झाले आहेत तेही बघा. मग मी येईन. आणि त्या संध्याकाळी सईसला सुट्टी देऊ नका. घोडा कुठल्या जागी सरकला, कुठे थांबला हे त्याने माझ्या शेजारी उभं राहून पाहायला हवं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी खरारा तोच करणार असतो.