मार्शल ने मूर्ख होता का?

वॉटर्लूची लढाई शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: नेपोलियनचा सेनापती मार्शल ने (Ney) इतका मूर्ख कसा? 18 जून 1815 रोजी दुपारी चारच्या सुमारास मार्शल नेने पायदळ सोबत न घेता घोडदळ उंचवट्यावर घातलं. समोरचा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याच्या पलटणींनी संगिनी रोखून चौकोन केले आणि फ्रेंच घोडेस्वार त्यांच्याभोवती नुसते घिरट्या घालत राहिले. छापील नकाशात दोन्ही बाजू दिसतात, त्यामुळे नेची चूक कुणालाही दाखवता येते.

म्हणून यंदा ती लढाई टेबलावर मांडली. थर्माकोलचा लांबलचक उंचवटा, त्यापुढे उगोमों आणि ला ए सेंतच्या गढ्या आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान रंगवलेले सैनिक. एका पट्टीवर एक पलटण, म्हणजे साधारण पाचशे माणसं. पंच मी. उंचवट्यापलीकडचं सैन्य टेबलावर ठेवायचं नाही, ते फक्त माझ्या वहीत. हुकूम चिठ्ठीवर लिहायचा आणि तो एक फेरी उशिरा पोचणार. ही युक्ती जुनीच आहे. प्रशियन लेफ्टनंट राइसविट्झने 1824 मध्ये आपल्या सैन्यापुढे मांडलेल्या युद्धखेळातही खेळाडूला शत्रू दिसेल तेवढाच दाखवत.

नेला सर्वांत जोरात मूर्ख म्हणणाऱ्या मुलीलाच मी ने केलं. नेपोलियन झालेला मुलगा शेजारच्या खोलीत.

दोन्ही गढ्यांपाशी तिचं पायदळ अडकलं होतं आणि उजव्या बगलेला वेलिंग्टनच्या मदतीला प्रशियन सैन्य येत असल्याची बातमी होती. तेवढ्यात वेलिंग्टनच्या गटाने जखमींच्या आणि रिकाम्या दारूगोळ्याच्या गाड्या मागे न्यायला सांगितलं, पुढची रांगही जरा मागे घेतली. मी त्या पट्ट्या टेबलावरून उचलल्या. ती वाकली, डोळे टेबलाच्या पातळीला आणून उंचवट्याकडे बघत राहिली. "सर, ते पळतायत!" नेपोलियनची चिठ्ठी यायची होती. ती थांबली नाही. घोडदळ सुटलं.

घोडे माथ्यावर पोचले तसे मी वहीतले चौकोन एकेक करून टेबलावर ठेवले.

"हे इथे होते? मला दिसायला नकोत का?"

"नेलाही दिसले नव्हते."

तिने फासे टाकले, पुन्हा टाकले, पण चौकोन फुटेना. संगिनींच्या भिंतीवर घोडा जात नाही, त्यामुळे नियमात तिला संधी जवळजवळ नव्हतीच. उठलेल्या प्रत्येक पट्टीचा आकडा मी मोठ्याने वाचतो. हा माझा हट्ट आहे, कारण फाशांच्या नादात त्या पट्टीवर माणसं होती हे मुलं चटकन विसरतात.

खेळ संपल्यावर तिला नेचा बचाव करायचा नव्हता. तिचा सवाल वेगळाच होता: माथ्यावरच्या तोफा तर हाती आल्या होत्या, मग त्या निकामी का केल्या नाहीत? प्रश्न अगदी नेमका आहे. वेलिंग्टनचे गोलंदाज चौकोनात शिरत आणि घोडदळ मागे वळलं की बाहेर येऊन त्याच तोफा डागत. तोफेच्या कानात, म्हणजे बत्ती देण्याच्या छिद्रात, खिळा ठोकला असता तर ते थांबलं असतं. मी म्हटलं, पुढच्या खेळासाठी तसा नियम तूच लिही. तिने लिहिला: एक पूर्ण फेरी घोडेस्वारांनी तोफेपाशी उभं राहायचं, तेवढा वेळ चौकोनांचा मारा सोसायचा. वेलिंग्टनच्या गटाने लगेच हरकत घेतली की खिळे आणि हातोडे सोबत असतील तरच. त्यावर घंटा होईपर्यंत वाद चालला आणि खिळे घेण्याचा हुकूम लढाईआधीच लिहून द्यावा लागेल, असं ठरलं.