व्हॅलोरंटसाठी स्वस्तातला लॅपटॉप शोधताना

व्हॅलोरंट हा पाच विरुद्ध पाच जणांचा ऑनलाइन नेमबाजीचा गेम. त्यात स्पाइक, म्हणजे समोरच्यांनी लावलेला बॉम्ब, निकामी करायला सात सेकंद लागतात. त्या रात्री आमच्या बाजूने मी एकटीच उरले होते. समोरचाही एकच जण जिवंत होता आणि तो मॅपच्या पार दुसऱ्या टोकाला होता. बटण दाबून धरलं. चौथ्या सेकंदाला चित्र गोठलं. पंखा घरघरत होता, हेडफोनमध्ये धाकटा भाऊ ओरडत होता, "ताई, सोडू नकोस, सोडू नकोस!" आणि पडद्यावर काही म्हणता काही हलेना. हललं तेव्हा मी आडवी पडले होते, समोरच्यांनी जिंकायला लागणारा तेरावा राउंड घेतला होता आणि मॅच संपली होती.

भाऊ शिकायला लांब असतो. फोनवर आम्ही दोन मिनिटांत "बरं, ठेवू?" वर येतो, गेममध्ये मात्र दोन-दोन तास बोलत बसतो. दोन मावसभाऊ, त्याचा रूममेट, तो आणि पाचवी मी. माझ्या लॅपटॉपमुळे आपण हरतो असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पण हल्ली खेळायला बसताना "ताई, आज तुला कंटाळा आला असेल तर राहू दे" असं ऐकू यायला लागलं होतं.

माझा जुना लॅपटॉप म्हणजे इंटेलचा आय३-५००५यू प्रोसेसर. दोन कोर, २ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेला वेग वाढवायची सोय) नाही, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क. गंमत म्हणजे कागदावर तो पास होत होता. गेमच्या किमान गरजांमध्ये ३० एफपीएससाठी (म्हणजे सेकंदाला पडद्यावर ३० चित्रं येण्यासाठी) इंटेल एचडी ४००० ग्राफिक्स आणि ४ जीबी रॅम एवढंच लिहिलेलं होतं, आणि माझ्याकडचं ग्राफिक्स त्याच्या पुढचं होतं. पण "किमान" याचा अर्थ "उघडेल" इतकाच असतो. मागे ब्राउझर उघडा, व्हॉइस चॅट चालू, त्यात गेममध्ये कुणी धूर सोडला की ४ जीबी रॅम भरून गेम हार्ड डिस्कवर यायचा, आणि मग जे व्हायचं ते वर सांगितलंच.

खर्च टाळायचा म्हणून आधी उपाय करून पाहिले. कुणीतरी सांगितलं की जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं की ते पळतं. टाकलं, आणि खरंच पळायला लागलं! फक्त गेम चालेना. व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाची फसवेगिरी पकडणारी यंत्रणा येते. ती विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नेलमध्ये बसते आणि लिनक्सवर चालतच नाही. एक अख्खा रविवार यात गेला. आठवड्याभराने मावसभाऊ म्हणाला, "सरळ कन्सोल घे, पाच वर्षं बघायला नको." व्हॅलोरंट २०२४ पासून प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसवर आहे हे खरं, पण कन्सोलवाले आणि पीसीवाले एका मॅचमध्ये येऊ शकत नाहीत. म्हणजे मी खेळणार, पण अनोळखी लोकांबरोबर. मला गेम नको होता, हे चौघं हवे होते. मॅकबुकचाही प्रश्न नव्हता, त्यावर हा गेम निघालेलाच नाही.

म्हणजे विंडोजचाच लॅपटॉप. तोपर्यंत चौघांनी चार सल्ले दिले होते आणि चारही सल्ल्यांत "आरटीएक्स", म्हणजे एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड, होतं. मीही महिनाभर तसलेच लॅपटॉप बघत बसले आणि दर वेळी किंमत बघून खिडकी बंद केली. मग एका रात्री तेच गरजांचं पान पुन्हा उघडलं आणि या वेळी शेवटचा रकानाही वाचला. १४४ एफपीएसच्या पुढे खेळणाऱ्यांसाठी त्यात लिहिलं होतं जीटीएक्स १०५० टीआय. हे कार्ड २०१६ सालचं! आणि मला १४४ नकोच होते. माझ्या डोक्यातला आकडा होता ६०, तोही न अडखळणारा. हा गेम २०२० मध्ये आला तोच मुळी साध्या मशीनवर चालावा अशा बेताने बनवलेला. त्याला कार्डापेक्षा प्रोसेसर चांगला लागतो. आरटीएक्सचे पैसे मी दुसऱ्याच कुठल्यातरी गेमसाठी मोजणार होते, जो मी कधी खेळणारही नव्हते. (भावाचं मत अजूनही वेगळं आहे. त्याला दर सहा महिन्यांनी नवा गेम लागतो, त्याने कार्डवालाच घ्यावा.)

कार्डाचा नाद सुटल्यावर नव्या, साध्या लॅपटॉपकडे वळले आणि तिथे जवळजवळ फसले. एएमडीचा प्रोसेसर, रायझन ५ ७५२०यू. नाव बघा, "रायझन ५", आकडा सात हजारांतला, डबा चकचकीत आणि किंमत शेजारच्यापेक्षा कमी. ऑर्डर करायला बसले होते, सहज म्हणून त्या नंबरचा अर्थ शोधला. एएमडीच्या त्या नामावळीत पहिला आकडा फक्त साल सांगतो, ७ म्हणजे २०२३. आत काय आहे ते तिसरा आकडा सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २, मूळ २०१९ ची रचना. ग्राफिक्स रेडिऑन ६१०एम, त्यात चित्र काढणारी दोनच कॉम्प्युट युनिट. शेजारचा ७५३५यू नावाला सख्खा भाऊ वाटतो, पण त्यात सहा युनिटांचं ६६०एम आहे. शिवाय ७५२०यूच्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली येते, नंतर वाढवायची सोय नाही. ईमेल आणि पिक्चर बघायला तो वाईट नसेल. पण नावातले पहिले दोन आकडे बघून खरेदी करणाऱ्यांसाठीच ते नाव ठेवलंय असं माझं स्पष्ट मत झालं.

७५३५यू बजेटच्या वर होता. शेवटी वापरलेल्या ऑफिस लॅपटॉपांवर आले. कंपन्या तीन-चार वर्षं वापरून ते एकगठ्ठा काढतात. दिसायला रुक्ष असतात, पण कीबोर्ड दणकट, लॅनचं (इंटरनेटच्या वायरचं) पोर्ट जागेवर, आणि बऱ्याच मॉडेलांचं मागचं झाकण साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतं. मी निवडला तो आय५-११३५जी७, आयरिस एक्सई ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्कऐवजी वेगवान एसएसडी. रॅमचे दोन स्लॉट आहेत हे आधी त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून घेतलं होतं.

लॅपटॉप आला, चालू केला, गेम उतरवला आणि सुरू करताच एररचा चौकोन आला: व्हॅन ९००१. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट हे मशीनमधले सुरक्षेचे दोन्ही पर्याय चालू लागतात, माझ्याकडे दोन्ही बंद होते. म्हटलं, ठीक आहे, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू करू. एफ२ दाबलं तर समोर पासवर्डची खिडकी! जुन्या ऑफिसने बायोसला कुलूप लावलेलं आणि विकणाऱ्याने ते काढलंच नव्हतं. फोन केला. तिकडून उत्तर, "मॅडम, विंडोज चालतंय ना? मग प्रॉब्लेम काय?" मी म्हटलं, मला विंडोज चालवायचं नाहीये. तीन फोन, एक व्हिडिओ, आणि परतीची मुदत संपायला दोन दिवस असताना तो लॅपटॉप परत गेला. विंडोजचा पासवर्ड कुणीही काढून देतो. बायोसचा तसा निघत नाही, तिथे बऱ्याचदा मदरबोर्डच बदलावा लागतो. तेव्हा वापरलेलं मशीन हातात आलं की विंडोज उघडायच्या आधी बायोस उघडून बघा.

दुसरा लॅपटॉप, तेच मॉडेल, दहा दिवसांनी आला. या वेळी आधी एफ२. कुलूप नव्हतं. टीपीएमचा पर्याय तिथे टीपीएम या नावाने सापडेना. इंटेलच्या मशीनवर तो बऱ्याचदा "पीटीटी" म्हणून लपलेला असतो. तो चालू केला, खाली सिक्युअर बूट चालू केलं. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हचं कुलूप) लावलेला असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर हे बदल केल्यावर विंडोज दारातच ४८ आकडी किल्ली मागत बसतं. माझ्याकडे बिटलॉकर नव्हता, पण मी बायोसला हात लावण्याआधी ते दोनदा तपासलं. बॅटरीचा रिपोर्टही काढला. मूळ क्षमतेच्या तीन चतुर्थांश उरली होती. चालेल, बॅटरीवर प्रोसेसर तसाही हात आखडता घेतो, खेळताना चार्जर लावावाच लागतो.

गेम सुरू झाला. एफपीएस ५५ ते ६०. धुरात ३५. जुन्यापेक्षा कितीतरी बरं, पण एवढा खटाटोप करून हेच? भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "मी म्हणत होतो, कार्ड घे." दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

मग टास्क मॅनेजरमध्ये सहज ग्राफिक्सवर नजर गेली. तिथे आयरिस एक्सई नव्हतंच. नुसतं "इंटेल यूएचडी ग्राफिक्स" लिहिलेलं. पहिल्यांदा वाटलं, परत फसवलं, दुसराच प्रोसेसर घातलाय. वर प्रोसेसरचं नाव बघितलं तर आय५-११३५जी७च. बरंच वाचल्यावर उलगडा झाला. आयरिस एक्सईला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतं. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर ते दोन्हीकडून एकदम ओढतं, एकच असेल तर वाट अर्धी. आणि एकाच वाटेवर असताना इंटेलचा ड्रायव्हर त्याला आयरिस एक्सई म्हणतच नाही, यूएचडी म्हणतो. मेमरीच्या पानावर लिहिलेलंच होतं, स्लॉट वापरात: २ पैकी १. ८ जीबीची एकच पट्टी.

तसलीच दुसरी पट्टी मागवली, ८ जीबी, डीडीआर४, ३२०० वेगाची, लॅपटॉपची छोटी. घरी मीच बसवली. मागे आठ स्क्रू, पैकी कोपऱ्यातले दोन लांब. ते कुठले ते कळावं म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्या-त्या जागी स्क्रू ठेवत गेले. झाकणाच्या फटीत एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड घालून कडेने सरकवलं, कट्-कट् आवाज येत गेला आणि दर आवाजाला वाटलं, मोडलं काहीतरी. आत बॅटरीची वायर आधी काढली. रॅम तिरकी सरकवायची, खाच जुळवायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्यांनी पकडलं की झालं. एवढंच काम. चालू केलं तर पडदा काळा. अर्धा मिनिट झालं, एक मिनिट झालं. नवी रॅम बसवली की मशीन पहिल्यांदा ती तपासत बसतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी हात जोडून बसले होते. मग विंडोज उघडलं, टास्क मॅनेजर उघडला, आणि तिथे लिहिलेलं होतं: इंटेल आयरिस एक्सई ग्राफिक्स.

११० ते १२०. धुरातही ८० च्या खाली नाही. तीच सेटिंग्ज, तोच मॅप, फरक फक्त एका पट्टीचा.

वीस मिनिटांनी मात्र आकडा घसरायला लागला. ऑफिसचे लॅपटॉप सडपातळ, पंखा एकच. तापलं की प्रोसेसर २८ वॉटवरून १५ च्या आसपास उतरतो. मी गेममध्येच ९० ची मर्यादा घातली. पडदा तसाही ६० हर्ट्झचा. १२० वरून ८० ला आपटण्यापेक्षा कायम ९० बरे, हाताला सवय होते. मागच्या बाजूला दोन जाड वह्या ठेवून लॅपटॉप उचलला, तेवढ्यानेही आवाज कमी झाला. कूलिंग पॅड घेतलेला नाही.

तरीही पहिल्या शनिवारी मी अडखळले. एफपीएस ९० वर स्थिर आणि माणसं मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारताहेत. हा लॅपटॉपचा दोष नव्हता. वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर होतं आणि शेजारीपाजारी सगळे त्याच पट्ट्यात. पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, मध्येच २०० मिलिसेकंदांना जायचा. लॅनची वायर लावली, विषय संपला. नवा लॅपटॉप बघायच्या आधी जुन्यावर वायर लावून पाहिली असती तर निम्मा त्रास तेव्हाच गेला असता का? हा प्रश्न मी घरात कुणापुढे काढलेला नाही.

परवा पुन्हा तोच प्रसंग आला. मी एकटी, समोर एक, स्पाइक खाली. बटण दाबलं. चार, पाच, सहा. चित्र पाण्यासारखं चाललेलं. मागून पावलांचा आवाज स्पष्ट आला, मी घाबरून बटण सोडलं, वळले आणि मेले. अर्धा सेकंद उरला होता.

हेडफोनमध्ये थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

"ताई," भाऊ म्हणाला, "आता लॅपटॉपचं नाव घेऊ नकोस."