टक्क, तडतड आणि फरफर: लॅपटॉप स्पीकरच्या दुरुस्तीची नोंद

पहिला आठवडा: नुसतं ऐकणं

सहा वर्षं जुन्या लॅपटॉपचे स्पीकर गेले काही महिने त्रास देत होते. आधी मी सगळे करतात तेच केलं. साउंड ड्रायव्हर (आवाजाचं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकला, फॉरमॅट १६ बिट ४४,१०० हर्ट्झवरून २४ बिट ४८,००० वर नेला, आवाज सजवणाऱ्या एन्हान्समेंट्स बंद केल्या. दर वेळी तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. फॉरमॅट बदलला की ऑडिओ स्ट्रीम नव्याने सुरू होतो, तेवढ्यापुरता फरक पडतो आणि आपल्याला वाटतं इलाज सापडला. या एका गैरसमजात माझे तीन रविवार गेले.

मग सेटिंग्जना हात लावणं बंद केलं आणि वही घेतली. कधी आवाज आला, काय वाजत होतं, डावीकडून की उजवीकडून, व्हॉल्यूम किती, चार्जर लावलेला होता का, एवढंच लिहायचं. तिसऱ्या दिवशी वही वाचताना लक्षात आलं की ‘खरखर’ या एका शब्दाखाली मी तीन वेगवेगळे आवाज लिहीत होतो. एक सुटा, टोकदार टक्क, जो गाणं सुरू करताना एकदाच यायचा. दुसरी तडतड, कढईत मोहरी उडावी तशी, काही सेकंद यायची आणि निघून जायची. तिसरी फरफर, कागद थरथरल्यासारखी, फक्त डावीकडून आणि फक्त काही सुरांवर. तिन्हींना नावं दिली आणि त्या दिवसापासून काम पुढे सरकलं.

तुमच्याकडे असा त्रास असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी हे वर्गीकरण करा. तीन आजारांवर एकच औषध शोधत बसलो तर कुठल्याच औषधाचा गुण कळत नाही.

दुसरा आठवडा: कोण कुठे राहतं

पहिली चाचणी हेडफोनची. टक्क हेडफोनमध्येही आला, जरा हलका. तडतडही आली. फरफर मात्र अजिबात नाही. पुढे यूएसबी डॅक (डिजिटल माहितीचा आवाजी सिग्नल करणारी बाहेरची डबी) लावला, म्हणजे लॅपटॉपमधली ऑडिओ चिप पूर्णपणे बाजूला पडली. आता टक्क गायब, पण तडतड तशीच.

इतक्यावरून बरंच कळतं. चिप बदलूनही तडतड येते, तर ती चिपच्या अलीकडे, संगणकाच्या कामकाजात आहे. टक्क चिपबरोबर गेला, तर तो चिपशी संबंधित आहे. फरफर फक्त स्पीकरमधून येते, म्हणजे स्पीकर, त्याचा अँप्लिफायर किंवा आजूबाजूचं प्लास्टिक. इथे एक सावधगिरी. हेडफोन स्वच्छ वाजला म्हणून स्पीकरचा पडदाच फाटला असं लगेच धरू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी वेगळी अँप्लिफायर चिप असते आणि दोष तिच्यातही असू शकतो.

तडतडीचा फोटो

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये १,००० हर्ट्झचा साधा साइन टोन (एकाच फ्रिक्वेन्सीचा सूर) तयार केला, लॅपटॉपवर वाजवला आणि फोन स्पीकरजवळ ठेवून रेकॉर्ड केला. तडतड आली ती जागा शोधून लहर मोठी मोठी करत गेलो. आधी एकसारख्या गोलसर लाटा, मग एक लाट अर्ध्यावर कापलेली, पुढे जवळपास सपाट रेघ, आणि नंतर लाट पुन्हा सुरू, पण भलत्याच ठिकाणापासून.

ती सपाट जागा मोजली. साधारण १० मिलिसेकंद. १,००० हर्ट्झला एक लाट एका मिलिसेकंदाची, म्हणजे दहा लाटा हरवल्या. विंडोजचं ऑडिओ इंजिन शेअर्ड मोडमध्ये (सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज मिसळून वाजवताना) साधारणपणे १० मिलिसेकंदांचे घास भरवत असतं. ४८,००० हर्ट्झला एका घासात ४८० नमुने, म्हणजे लहरीची सुटी मोजमापं. एक अख्खा घास वेळेवर पोचला नव्हता. बफर म्हणजे पुढचा आवाज साठवायची जागा, ती अशी रिकामी पडते त्यालाच बफर अंडररन म्हणतात. कानाला जो ‘तट्’ ऐकू येतो तो त्या शांततेचा नसतो. लाट मधेच कापली जाते, त्या उभ्या कडेत सगळ्या फ्रिक्वेन्सी थोड्या थोड्या असतात, म्हणून तो आवाज इतका टोकदार लागतो.

आता प्रश्न असा की घास उशिरा का येतोय. ड्रायव्हर किती वेळ अडवून धरतात ते मोजणारा लेटन्सीमॉन प्रोग्रॅम चालवून अर्धा तास सोडून दिलं. ड्रायव्हर हार्डवेअरचं काम दोन टप्प्यांत करतात. तातडीचं तेवढं लगेच उरकतात आणि उरलेलं डीपीसी (पुढे ढकललेलं काम) म्हणून रांगेत टाकतात. हे डीपीसी प्रोसेसरच्या एखाद्या कोअरवर चालू असताना त्या कोअरवरचा साधा थ्रेड (प्रोग्रॅमच्या कामाचा धागा) पुढे सरकू शकत नाही, मग तो आवाजाचा असला तरी. चांगल्या ड्रायव्हरचं डीपीसी मायक्रोसेकंदांत संपतं. माझ्याकडे नेटवर्कच्या रकान्यात १२ मिलिसेकंदांपेक्षा जास्त आकडा दिसला. १० मिलिसेकंदांचा घास आणि १२ मिलिसेकंदांची अडवणूक, हिशेब जुळला.

पण रिपोर्टमध्ये नाव आलं म्हणून त्याला दोषी धरायचं नाही, चाचणी घ्यायची. डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय बंद केलं आणि तासभर टोन वाजवला. एकही तडतड नाही. चालू केलं, दहा मिनिटांत दोनदा. पुन्हा बंद, पुन्हा शांत. असं तीनदा केलं तेव्हा मन भरलं. वायफाय आसपासची नेटवर्क शोधायला निघालं की तडतड यायची. यादी उघडून मुद्दाम शोध घ्यायला लावला तर हुकमी.

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर नेला तर तडतड निम्म्यावर आली. हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण मला तो पटत नाही. पंखा सतत फिरतो, बॅटरी लवकर उतरते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. बफर वाढवणं त्यापेक्षा बरं, निदान ऐकण्यासाठी. ज्या प्लेअरमध्ये सोय आहे तिथे २,०४८ नमुने ठेवले तर ४८,००० हर्ट्झला सुमारे ४३ मिलिसेकंदांची शिदोरी हाताशी राहते. गाणं ऐकताना तो उशीर कळतही नाही. वाद्य रेकॉर्ड करणाऱ्यांना मात्र तो चालणार नाही, बोट आणि आवाज यांत अंतर जाणवायला लागतं.

खरा उपाय शेवटी साधा निघाला. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरचा वायफाय ड्रायव्हर जुना होता, वायफाय चिप बनवणाऱ्याकडे त्याच चिपसाठी नवा होता. तो टाकला. लेटन्सीमॉनचा आकडा अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत आला.

तिसरा आठवडा: टक्क

टक्कसाठी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) लावला. ही चाचणी मला फार मोलाची वाटते. यंत्र तेच, सॉफ्टवेअर संपूर्ण वेगळं, आणि डिस्कवर काही बदलत नाही. तडतड तिथे नव्हती. आवाजाची वाहतूक दाखवणाऱ्या पीडब्ल्यू-टॉप प्रोग्रॅममध्ये चुकांचा रकाना तासाभरानंतरही शून्यावर. टक्क मात्र तसाच होता, अगदी त्याच चेहऱ्याचा.

तो गाणं पॉज करून पुन्हा सुरू केल्यावर यायचा, पण दर वेळी नाही. घड्याळ लावून बसलो. ५ सेकंदांचा पॉज, काही नाही. १० सेकंद, काही नाही. १२, काही नाही. १६ सेकंदांनी मात्र टक्क. मग कान स्पीकरला लावून नुसता थांबलो, तर साधारण पंधराव्या सेकंदाला, काहीही न वाजवता, एक बारीकसा टिक्‌ ऐकू आला. चिप झोपली होती.

पंधराच का, तेही सापडलं. लिनक्समध्ये ऑडिओ उपकरणं सांभाळणारा वायरप्लंबर निष्क्रिय आउटपुट ५ सेकंदांनी बंद करतो. तिथून पुढे ऑडिओ चिपच्या एचडीए ड्रायव्हरचं वीजबचतीचं घड्याळ सुरू होतं आणि माझ्या लिनक्स डिस्ट्रोत (आवृत्तीत) पॉवर-सेव्ह नावाच्या फाइलमध्ये त्याचा आकडा १० सेकंद होता. ५ आणि १० मिळून १५. ही बेरीज वहीत लिहिली तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण कानाने मोजलेला आकडा आणि फाइलमधले आकडे एकाच जागी येऊन भेटले.

टक्क होतो कसा? चिप जागी होताना तिच्या आउटपुटवरचा डीसी व्होल्टेज शून्यावरून आपल्या नेहमीच्या पातळीवर चढतो. अँप्लिफायर त्या क्षणी आधीच उघडा असेल तर ती पायरी थेट स्पीकरपर्यंत जाते आणि पडदा एकदा हिसका खातो. रेकॉर्डिंग वाजत असताना त्यात शांत जागा आली तर टक्क येत नाही, कारण तेव्हा शून्य का होईना, नमुने जात असतात आणि चिप जागीच असते. त्यामुळे ऑडिओबुकमधल्या विरामांत त्रास नाही, पण नोटिफिकेशनच्या प्रत्येक आवाजाआधी हमखास.

पॉवर-सेव्हच्या त्या फाइलमध्ये ० लिहिलं आणि टक्क त्याच क्षणी बंद. कायमस्वरूपी करायचं तर हाच पर्याय मॉडप्रोबच्या (लिनक्समध्ये ड्रायव्हर चढवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये घालायचा. विंडोजमध्ये याचं भावंड रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात आहे. साउंड ड्रायव्हरच्या किल्लीखाली पॉवर-सेटिंग्ज नावाचा भाग असतो, त्यात दोन निष्क्रिय-काळ, एक बॅटरीवर असतानाचा, एक चार्जर लावलेला असतानाचा. दोन्ही ० केले, मशीन पुन्हा सुरू केलं. आधी रजिस्ट्रीचा तो भाग एक्स्पोर्ट करून ठेवा, हे विसरू नका. चिप सतत जागी राहिल्याने बॅटरीवर परिणाम होत असणारच, पण माझ्या रोजच्या वापरात तो जाणवला नाही.

चौथा आठवडा: फरफर

बॅलन्स पूर्ण डावीकडे नेऊन १०० ते २,००० हर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा सूर) वाजवला. ३९० च्या आसपास फरफर सुरू, ४१० ला सर्वांत जास्त, ४३० नंतर नाही. मग स्थिर ४१० हर्ट्झचा टोन लावून बोटाने केसिंगचा एक एक भाग दाबत गेलो. स्क्रू सैल असेल किंवा जाळी थरथरत असेल तर दाबल्यावर आवाज बदलतो. इथे काहीच बदललं नाही. म्हणजे उघडणं भाग होतं.

लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. स्क्रू कागदावर झाकणाचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवले. त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूडाच्या जागी गेला तर कायमचं नुकसान होतं. मल्टिमीटरने दोन्ही स्पीकर मोजले, दोन्ही ३.६ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरचा डीसी रोध थोडा कमीच दिसतो, तेव्हा कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) शाबूत होती.

डावा स्पीकर दिव्याखाली तिरका धरला. पडद्याच्या कडेला लोखंडाचे बारीक कण चिकटलेले होते, मांजराच्या मिशांसारखे ताठ उभे. स्पीकरचं चुंबक ते ओढून घेतं आणि पडदा हलला की ते त्याला घासतात. फुंकर किंवा ब्लोअर अजिबात मारू नका, कण कॉइलच्या फटीत गेले तर परत निघत नाहीत. मास्किंग टेपची चिकट बाजू बाहेर ठेवून निमुळती घडी केली आणि टोकाने एक एक कण उचलला. पाऊण तास लागला.

झाकण नुसतं टेकवून पुन्हा ४१० हर्ट्झ लावला. फरफर कमी झाली, गेली नाही. पुन्हा बंद, पुन्हा उघडलं, आणि या वेळी भिंगातून कड पाहिली. पडद्याभोवतीची मऊ रबरी कड एका कोपऱ्यात चौकटीपासून सुटली होती, जेमतेम ४ मिलिमीटर. टूथपिकने हलकेच दाबलं तर खालीवर होत होती. सुकल्यावरही लवचीक राहणारा रबरी गोंद टूथपिकच्या टोकावर घेऊन आत सरकवला. झटपट चिकटणारा गोंद इथे नको, तो काचेसारखा कडक होतो आणि कड हलूच देत नाही. २४ तास तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्वीप सरळ निघून गेला. खात्रीसाठी आधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग स्पेक्ट्रोग्राममध्ये (कुठल्या फ्रिक्वेन्सी किती आहेत ते दाखवणाऱ्या चित्रात) शेजारी ठेवलं. आधीच्यात ४१० च्या वर ८२०, १,२३०, १,६४० अशा शिडीसारख्या पायऱ्या पार वरपर्यंत गेलेल्या. नंतरच्यात ४१० ची एक ठळक रेघ आणि ८२० ला एक पुसट.

एक गोष्ट मी आता कायमची सोडली, ती म्हणजे इक्वलायझरमधला बेस बूस्ट. ६ डेसिबल वाढवले की सिग्नलची उंची दुप्पट होते, म्हणजे इतक्या लहानशा पडद्याला दुप्पट हेलकावा. ती कड त्यानेच सुटली असेल असं ठामपणे म्हणत नाही, पण ताण तिच्यावरच येत होता. वाढवायचंच असेल तर इक्वलायझरमधला प्रीअँप (एकूण पातळीचा सरक) तेवढाच खाली आणा, म्हणजे निदान सिग्नलचे माथे तरी कापले जाणार नाहीत.

आजची स्थिती

वही अजून चालू आहे. गेल्या अकरा दिवसांत फरफरीची नोंद नाही, तडतडीची एक आहे, मोठी फाइल कॉपी होत असतानाची, तिच्यावर लक्ष ठेवून आहे. काल संध्याकाळी अचानक टक्क परत आला. रजिस्ट्री उघडली तर दोन्ही निष्क्रिय-काळ पुन्हा जुन्या आकड्यांवर. आदल्या रात्री अपडेटमध्ये साउंड ड्रायव्हर बदलला होता. एक्स्पोर्ट केलेली प्रत मूळ आकड्यांची होती, तिचा इथे उपयोग नव्हता. हाताने दोन्ही परत ० केले आणि या वेळी ० असलेल्या सेटिंगचीही वेगळी प्रत काढून ठेवली.